जमनाबायच्या टोपलीतलं घरकुल

झरीकडच्या आमच्या पाड्यावरून घरकुलाचे जे कागद तालुक्याला गेले, त्यातल्या बऱ्याच कागदांना सुक्या बोंबलाचा वास होता. कचेरीतला शिपाई कागद हातात घ्यायचा, नाकाजवळ न्यायचा आणि विचारायचा, "झरीकडचा का?" हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या कागदाचं त्यानं माझ्यासमोर तसंच केलं. मला तेव्हा राग आला होता. आता आठवलं की हसू येतं.

तो वास जमनाबायचा. जमनाबाय डहाणूची, खाडीकाठची. सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, मांदेली. डहाणूहून एसटीनं तलासरी, तिथून रिक्षानं आमच्या फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून एकेक पाडा पायी. बुटकी, रुंद, पायात जाड चपला, डोक्यावर टोपली आणि टोपलीवर निळं प्लास्टिक. टोपलीच्या तळाशी खताच्या गोणीचा तुकडा शिवून केलेली एक थैली असायची. तिच्यात लोकांचे कागद. कोणाचा दाखला, कोणाचं पासबुक, कोणाचा फोटो. बोंबील वर, कागद खाली. ती म्हणायची, "कागद मासळीसारखा. भिजला तरी गेला, नि घरात दाबून ठेवला तरी गेला."

तिला चार भाषा येत. आमच्या पाड्यावर आमच्या बोलीत बोलायची, फाट्यावरच्या दुकानदाराशी गुजरातीत भांडायची, रिक्षावाल्याशी हिंदी. कचेरीत शिरली की मात्र पदर सारखा करायची आणि सगळ्यांना "महोदय" म्हणायची. शिपायालाही महोदय. तो शिपाई त्या एका शब्दासाठी तिला पंख्याखाली बसू द्यायचा. साहेब जागेवर नसले की बाकीचे लोक परत जात. ही जायची नाही. रिकाम्या खुर्चीपुढे बसून राहायची. मला म्हणाली होती, "माणूस पळतो, काका. खुर्ची पळत नाय. माणसाला फिरून तिथंच यायचं असतंय."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचं स्वतःचं घरकुल मंजूर व्हायला इतकी वर्षं गेली की तेवढ्यात तिच्या थोरलीचं लग्न होऊन तिला दोन पोरं झाली. त्या हेलपाट्यांत कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे तिला पाठ झालं. तरी ती दुसऱ्यांच्या कामात पडली नसती. ती पडली मथीमुळे.

मथी आमच्या पाड्यावरची विधवा बाई. एकदा जमनाबाय तिच्या अंगणात जवळा मोजत होती. माप म्हणजे नारळाची करवंटी, आणि करवंटी ती नेहमी शीग लावून भरायची, त्यात खोट नाही. मोजता मोजता तिला कुडाच्या भिंतीतल्या भोकात कोंबलेला कागद दिसला. वारा येऊ नये म्हणून मथीनं तो घडी करून बसवला होता. जमनाबायनं ओढून काढला. त्याच्यावर गोल शिक्का. ती चौथी शिकलेली, ओठ हलवत हळूहळू वाचायची. वाचलं, आणि करवंटी खाली ठेवली. मथीच्या घरकुलाचं मंजुरीपत्र होतं ते. मुदत केव्हाच संपली होती.

मथीला वाचता येत नव्हतं. कागद आणून देणाऱ्यानं "जपून ठेव" एवढंच सांगितलं होतं. तिनं जपूनच ठेवला होता.

मथीचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. ते जमनाबायनं केलं. आणि त्या दिवसापासून तिनं प्रत्येक दारात एक नवीन रीत लावली. टोपली उतरवली की आधी विचारायची, "कागद दाखव." कागद दाखवल्याशिवाय बोंबील नाही. बाया चिडायच्या. "आमच्या तांदळाला काय कीड लागली का?" म्हणायच्या. आमच्याकडं तांदूळ देऊन मासळी घ्यायची चाल अजून थोडी आहे. जमनाबाय म्हणायची, "तांदूळ चांगला हाय ग. पण तुझं पासबुक कुठंय?" मासळीचे तांदूळ घ्यायची. कागदाच्या कामाचं कधी काही घेतलं नाही. एकानं कोंबडी देऊ केली, तर म्हणाली, "एसटीत टोपलीचंच तिकीट मागतात, हिचं कोण काढणार?"

माझं आणि तिचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण सही करतो. अंगठा आजवर कुठं दिलेला नाही. माझं घर मी आणि माझ्या बापानं बांधलेलं. सागाचे खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमाती, वर कौलं. पाड्यावरच्या कितीतरी लग्नांचा मांडव माझ्या अंगणात पडला. जमनाबायनं मला विचारलं, "काका, तुमचा अर्ज?" मी म्हटलं, "मी सरकारपुढं हात पसरणार नाही."

"हात पसरू नका ना. सही करा. सही येते म्हणून सांगत असता."

"घर आहे माझं."

"घर हाय, मग वयनी बाहेर का झोपते?"

ते तिनं माझ्या बायकोसमोर विचारलं. लाडकी चुलीपाशी होती. तिनं चुलीत एक लाकूड सारलं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडची जमीन हलायला लागली, ते लोकांना माहीत आहे. आधी पोटात गडगडल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची, कौलं घसरायची. कितीतरी माणसं अंगणात, शेतात ताडपत्र्या बांधून राहिली. पुढं हलणं कमी झालं, माणसं हळूहळू आत गेली. लाडकी गेली नाही. आमची मागची भिंत तेव्हा बाहेर झुकली होती. तिनं अंगणातल्या चिंचेखाली ताडपत्री बांधली आणि तिथंच खाट टाकली. थंडीत तिथं, पावसात पण तिथं. पावसात खाटेच्या पायांखाली दगड द्यायची. मी आत एकटा झोपायचो, हट्टानं. तिला सांगायचो, "कुडाचं घर वाकतं, पडत नाही." ते खोटं नाही. कारवी लवते, विटेसारखी अंगावर येत नाही. पण दुसरी एक गोष्ट होती, ती मी तिला सांगत नव्हतो. आमचे खांब खालून वाळवीनं खाल्ले होते. दर सणाला मी खांबांच्या बुडाशी शेणमातीचा जाड थर द्यायचो. लाडकीला वाटायचं, नवरा हौशी आहे.

जमनाबाय दर खेपेला यायची आणि तोच विषय काढायची. मी तेच उत्तर द्यायचो. एकदा म्हणाली, "काका, तुमचा ताठा वाळत घातला ना, तर चार महिने पाड्याला पुरेल." मी म्हटलं, "आणि तुझी जीभ वाळत घातली तर डहाणूच्या बंदरावर जागा उरायची नाही." ती इतकी हसली की टोपली धरावी लागली. मग मलाच म्हणाली, "आता सही करा." मी केली. का केली, मला आज पण नीट सांगता येत नाही. पावसाळा तोंडावर होता आणि लाडकी खाटेखाली द्यायला दगड गोळा करत होती, ते समोर दिसत होतं. एवढंच.

अर्ज गेला. मग निरोप आला की पाहणीला माणूस येणार, मोबाईलवर घराचा फोटो काढणार, मालकानं घरापुढं उभं राहायचं.

आता आमच्याकडं कोणी घर बघायला येणार म्हटल्यावर काय करतात? लग्न असो, पाहुणा असो, आधी भिंत सारवतात. मी आणि लाडकीनं दोन दिवस राबून घर सारवलं. खाली गेरू, वर पांढरी माती. झुकलेल्या भिंतीला मागून दोन वासे टेकू दिले आणि ते झाकायला पुतण्याकडून नवे पत्रे आणून उभे केले. कौलं धुतली. दारावर आंब्याची पानं. मी इस्त्रीचा सदरा घातला. पाहणीवाला दुपारच्या उन्हात आला, त्याला अजून बरीच घरं करायची होती. रस्त्याकडून फोटो काढला, म्हणाला, "वा, आजोबा, छान ठेवलंय घर." मला बरं वाटलं. मी त्याला पाणी दिलं, गूळ दिला.

यादी लागली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, अपात्र. कारण, पक्के घर.

जमनाबायला कळलं तेव्हा ती माझ्या ओट्यासमोर उभी राहून घराकडं बघत राहिली. मग हसायला लागली. डोळे पुसून झाल्यावर एकदम चिडली.

"काका, आजारी माणूस डाक्टरकडं जाताना तोंडाला पावडर लावतो का?"

"मी लावतो," मी म्हटलं.

"म्हणून डाक्टरला ताप दिसला नाय!"

लाडकी म्हणाली, "बाय, चूक माझी पण हाय. पांढरी माती मीच आणली."

"तू गप्प बस, वयनी. तुला पांढरी माती आणायला कोणी सांगितलं ते मला माहीत हाय."

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. अपात्र हा शब्द मला लागला. घर नाही मिळालं याचं नाही वाटलं तेवढं. माझं नाव गावासमोर कागदावर लावलं आणि पुढं तो शब्द, हे लागलं. मी ठरवलं, आता काही करायचं नाही. जमनाबाय तिसऱ्या दिवशी आली. मी पाठ फिरवून बसलो होतो. ती सरळ मागच्या भिंतीशी गेली, पत्रे बाजूला केले आणि तिथून ओरडली, "काका, कोयता आणा."

"कशाला?"

"फेरतपासणीचा अर्ज द्यायचा. पण कागदाला कागदानं उत्तर दिलं की तिसरा कागद येतो. आपण भिंतच घेऊन जाऊ."

मी उठलो नाही. माझ्या बापानं विणलेला कूड होता तो. तेव्हा लाडकीनं कोयता आणला आणि माझ्या हातात दिला. ती काही बोलली असती तर मी भांडलो असतो. ती वळून लुगडं शोधायला गेली. मी मागच्या भिंतीचा हातभर तुकडा कापला. आतली कारवी भुसा झाली होती. लाडकीनं तो जुन्या लुगड्यात बांधला, जमनाबायनं टोपलीत बोंबलांवर ठेवला. अर्ज मात्र तिनं मलाच लिहायला लावला. "तुमचं घर, तुमचं अक्षर," म्हणाली. मी लिहिलं की घर पक्के नाही, पुन्हा बघावे. खांबांचं लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तालुक्याला गेलो. शिपायानं कागदाचा वास घेतला तो याच दिवशी. क्लार्कनं अर्ज बघितला, संगणक फिरवून आम्हाला दाखवला. "फोटो आहे ना. हे बघा. याला कच्चं कोण म्हणेल?"

मी तो फोटो पहिल्यांदा बघत होतो. खरं सांगतो, घर फार सुंदर दिसत होतं. मी पण रुबाबात उभा होतो.

जमनाबाय म्हणाली, "महोदय, हा फोटो घराचा नाय. काकांच्या ताठ्याचा हाय. घर हे बघा." आणि तिनं लुगडं सोडून भिंतीचा तुकडा टेबलावर ठेवला. माती सांडली. माती सांडली ते सांडली, त्यातून वाळवी निघाली आणि क्लार्कच्या फायलींवर पसरली. क्लार्क खुर्चीवरून उठला. शिपाई झाडू आणायला धावला. शेजारच्या टेबलावर घरकुलाच्या अभियंता मॅडम होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. त्या उठून आल्या. त्यांनी तुकडा हातात घेतला, कारवी मोडून बघितली आणि मला विचारलं, "आजोबा, ही एका जागची भिंत झाली. बाकी घर कसं आहे?"

मी जमनाबायकडं बघितलं. बोलायचं काम तिचं. पाड्यावरच्या सगळ्यांच्या वतीनं तीच बोलायची. ती खाली वाकून मातीचे खडे टोपलीत भरत बसली. मुद्दाम. तोंड वर केलंच नाही.

लाडकी माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हटलं, "खांब गेलेत, मॅडम. चारही. वाळवीनं खाल्लेत. मी वरून माती लावतो म्हणून दिसत नाही. घर कधी पण बसेल."

एवढं बोलायला मला केवढा वेळ लागला कोण जाणे. बोलल्यावर मात्र पाठीवरचा भारा उतरल्यासारखं झालं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मी स्वतः येते बघायला. आणि आजोबा, येईपर्यंत सारवू नका."

परतीच्या गाडीत लाडकीनं विचारलं, "कवापासून?"

"जमीन हलायच्या आधीपासून."

"मग तू आत कशाला झोपायचास?"

मी तिकिटाची घडी घालत राहिलो. पुढच्या बाकावरून जमनाबाय वळून म्हणाली, "वयनी, घर पडलं तर खाली कोणीतरी पाहिजे ना!" लाडकी हसली. तोंडाला पदर लावून हसली. किती दिवसांनी ते मला माहीत.

मॅडम आल्या. खांबाला अंगठा लावून दाबला, तर अंगठा आत गेला. पुढं सगळं रीतसर झालं. नाव यादीत आलं, मंजुरीपत्र आलं. ते मी स्वतः वाचलं, दोनदा. जुनं घर आम्हीच उतरवलं. मला वाटलं होतं जड जाईल. पण वासे काढताना खांब हातातच चुरत गेले, आणि लाडकी बाजूला उभी राहून नुसती मोठा श्वास सोडायची. या घरात आपण दोघं जगलो तरी कसे, असं मलाही वाटलं.

जोतं झालं, भिंती चढल्या, प्रत्येक टप्प्याला फोटो, आणि प्रत्येक फोटोत मी. जमनाबाय आठवड्याला येऊन काम बघायची. हादऱ्यात भिंती धरून ठेवायला वरून जो सिमेंटचा पट्टा फिरवतात, त्यात गवंडी सळ्या कमी टाकायला लागला, तर ही समोरच्या विटांवर बसली. म्हणाली, "भाऊ, इथली जमीन हलते. तुझं गाव कुठलं?" त्यानं लांबचं गाव सांगितलं. "म्हणून तुला हलत नाय. टाक सळ्या. मी बसलेय." तिची टोपली तशीच भरलेली. त्या दिवशी तिचा धंदा झाला नाही. सळ्या पडल्या.

शेवटच्या फोटोला मॅडमचा माणूस आला तेव्हा मी विचारलं, "आता सारवू का?" जमनाबाय म्हणाली, "आता पावडर लावा, काका. आता हसा पण."

तिचं वय झालं होतं. गुडघे गेले. माझं घर झालं त्याच सुमारास तिच्या थोरलीनं तिला उंबरगावकडं आपल्या घरी नेलं, आणि टोपली कायमची उतरली. आता आमच्या पाड्यावर मासळीवाला मोटरसायकलवरून येतो, भोंगा वाजवतो, पिशवी देतो, जातो. कागद विचारत नाही. पण पाड्यावर आता कोणी शिक्क्याचा कागद भिंतीत कोंबत नाही. नवीन पोरी एकमेकींना विचारतात, "कागद आला का? मुदत बघितली का?" हे तिनं मागं ठेवलं. मी तिच्याशी जन्मभर भांडलो असतो तरी हे मान्य केलं असतं.

मी तिला शेवटचं बघितलं ते घरभरणीच्या दिवशी. पाड्यावरची माणसं जेवून गेली होती. तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण होतं, बोंबील तिनंच आणलेले. गाडीला वेळ होता. लाडकीनं आतल्या खोलीत चटई टाकली आणि म्हणाली, "बाय, घडीभर पड." जमनाबाय आडवी झाली. लाडकी तिच्याशी बोलत बोलत तिच्याजवळच आडवी झाली, नव्या घरात, छपराखाली. मी पाणी घेऊन आलो तर दोघी झोपलेल्या. जमनाबाय तर घोरत होती.

मी दारात उभा होतो. तेवढ्यात जमिनीच्या पोटात गडगडलं. मांडणीवरची ताटं किणकिणली, चौकट माझ्या हाताखाली थरथरली. मी लाडकीला हाक मारणार होतो. पण तोवर थांबलं. मी वर बघितलं, पट्टा बघितला, भिंत बघितली. काही नाही. आणि खाली बघितलं, तर दोघींपैकी एकीनंही कूस बदलली नव्हती.